लागली आहे

आईच्या पुण्यानुमोदनाला सगळ्यांत जास्त रडला तो एक मुलगा, आणि त्याला आमच्या घरातलं कुणी धड ओळखत नव्हतं.

भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. मामा आईविषयी बोलले, तिच्या खात्यातल्या दोघीजणी बोलल्या. हा शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. पांढरा शर्ट नवाकोरा. कॉलरखालची प्लास्टिकची पट्टी काढायची राहून गेली होती. रडताना त्याचा जराही आवाज होत नव्हता, आणि तेच मला खटकलं. आवाज न करता बसून राहायची त्याला सवय असावी असं वाटलं.

लोक खीर घेऊन निघाले तेव्हा तो जवळ आला.

"ताई, मी आयुष. काकूंकडे यायचो."

"शिकवणीला ना?"

आईनं मला तसंच सांगितलं होतं. चांदवडचा एक मुलगा आहे, अंबडला कंपनीत लागलाय, मुलाखतींसाठी उच्चार सुधारायला माझ्याकडे येतो. तो मात्र 'शिकवणी' या शब्दावर अडखळला. आधी शेजारी उभ्या असलेल्या शकुमावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काकूंचं आणि माझं एक काम राहिलंय. तुमची परवानगी लागणार आहे."

"कसलं काम?"

"इथं नको ताई. मी पाठवतो तुम्हाला. हेडफोन लावून ऐका. फोनवर तसंच नका ऐकू."

एवढं बोलून तो जिना उतरून गेला. शकुमावशीनं कठड्यावरून वाकून तो गेल्याची खात्री केली.

"ह्योच तो," ती म्हणाली. "दार लावून बसायची दोघं. मी किती वेळा कान दिला, आतून आवाज म्हणून नाय. शिकवणी असल तर पोरगं घोकंल, मास्तरीण वरडंल. आणि पंखा बंद! मे महिन्यात, राखे! मी तुला सांगणार व्हते, पर म्हटलं तू पुण्याहून येती, दमलेली असती."

शकुमावशी सायखेड्याची. आमच्या समोरच्या दारात राहते आणि कॉलनीत कुणाकडे कोण येतं हे तिला येणाऱ्याच्या आधी कळतं. ती जे सांगते त्यातलं निम्मं सोडून द्यायचं अशी मला सवय आहे. पण पंख्याचं मी सोडू शकले नाही. कारण तो बंद पंखा मी स्वतः पाहिला होता.

गेलं वर्षभर आईच्या घरात विचित्र गोष्टी होत होत्या. मी पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. पंधरवड्यातून एकदा नाशिकरोडला यायचे. एकदा आले तर फ्रिज बंद आणि आत दूध नासलेलं. "लाइट गेली होती," आई म्हणाली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग भिंतीवरचं घड्याळ दिसेना. ते कपाटात सापडलं, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, सेल काढलेला. आतल्या खोलीच्या भिंतीला वरच्या बाजूनं ओळीनं खिळे ठोकलेले होते, आणि त्यांच्यावर काहीच टांगलेलं नव्हतं. माळ्यावरच्या गोधड्या पलंगाखाली आल्या होत्या. विचारलं की आई प्रत्येक गोष्टीचं एक वेगळं उत्तर द्यायची, आणि ती उत्तरं एकमेकांशी जुळायची नाहीत. मला वाटलं, हिला विसर पडायला लागलाय. डॉक्टरांशी बोलले. त्यांनी तिला आजची तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. तिनं ते इतक्या झरझर केलं की तेच म्हणाले, "बाई, मी मागं पडलो."

आई एसटीत होती. सीबीएसच्या स्थानकात चौकशीच्या खिडकीमागे बसून ती गाड्या पुकारायची. ज्यांनी त्या काळात नाशिकहून कुठंही प्रवास केला असेल त्यांनी तिचा आवाज ऐकलेला आहे, चेहरा पाहिलेला नाही. कर्णे जागोजागी टांगलेले. एकातून निघालेला शब्द दुसऱ्यापर्यंत जाईतो पहिला घुमत राहायचा. नव्या बायका भराभर बोलायच्या आणि सगळ्या शब्दांचा काला व्हायचा. आई एक शब्द बोलून थांबायची. तो घुमून विरला की दुसरा. "घुमणाऱ्याला जागा द्यावी लागते," असं ती म्हणायची, जणू बाकावर सरकून कुणाला बसायला द्यायचं आहे.

आणि एसटीच्या भाषेत गाडी येत नाही, उभी राहत नाही. गाडी लागते. 'फलाट क्रमांक चारवर लागली आहे.' आईनं तो शब्द घरी आणला. मी जेवायच्या वेळी स्वयंपाकघरात घुटमळले की ती विचारायची, "लागली का?" अंथरुणावर पडले की अंधारातून, "लागली का?" जिन्यात पडले तरी तेच. भूक, झोप, खरचटणं, सगळ्याला एकच प्रश्न, आणि तोही त्याच पुकारायच्या सुरात, म्हणजे मी रडता रडता हसायचे. हे आमच्या दोघींत होतं. बाबांनाही ते फारसं ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "लागली का गं?" मी विचारलं, "काय, आई?" नर्सनं मास्क परत बसवला.

आयुषनं पाठवलेलं मी पुण्याला परतल्यावर ऐकलं. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, दुपारी, हेडफोन लावून.

सोबत त्यानं लिहिलं होतं: 'आमच्या दोघांच्या बँडचं नाव फलाट. काकूंचा आवाज, काकूंचे शब्द. वाजवणं आणि जोडणं माझं. आठ गाणी आहेत. अल्बमचं नाव काकूंनीच ठेवलंय, लागली आहे. याला ड्रीम पॉप म्हणतात.'

ड्रीम पॉप म्हणजे काय ते मी शोधून वाचलं. धूसर वाजणारी गिटार, लांबत जाणारे सूर, घुमणारा आवाज. शब्द अर्धे कळावेत, अर्धे कळू नयेत. माझी आई सदुसष्ट वर्षांची होती. तिच्या तोंडी मी कधी बँड हा शब्द ऐकला असेल तर तो लग्नाच्या वरातीतला.

मी गाणं लावलं. बराच वेळ नुसतं धुक्यासारखं काहीतरी वाजत राहिलं. मग आई आली.

तीच होती. 'ळ' उच्चारताना जीभ किंचित जास्त वळवणारी, 'प्रवाशांनी'मधल्या अनुस्वारावर रेंगाळणारी. नाशिकहून, चांदवड, देवळा, सटाणामार्गे, नामपूरला जाणारी, असं सगळं एका सलग ओळीत, नदी वाहावी तसं, कुठंही न तुटता. मागून तिचाच आवाज वरच्या पट्टीत, त्याच्या मागून आणखी एक. आणि शेवटी सगळं थांबल्यावर, अगदी कानाशी: "लागली का?"

मी हेडफोन काढले. पाणी प्यायले. मग परत लावून तीच ओळ ऐकली. पुन्हा ऐकली.

आणि तेव्हा मला कळलं की ही आई नाही.

आईची फुफ्फुसं कडक होत चालली होती. शेवटच्या वर्षात तिला स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत जायचं तर मधल्या खुर्चीवर बसावं लागायचं. 'राखी, जरा पाणी दे' एवढ्या वाक्यात ती दोनदा थांबायची. प्राणवायूचं यंत्र दिवसरात्र खोलीत घरघरत असायचं. ही बाई चांदवड ते नामपूर एका श्वासात गाते? कुठंही धाप नाही, खोकला नाही, त्या घरघरीचा मागमूस नाही?

मला जगाची काही माहिती नाही असं नाही. थोडा आवाज मिळाला की संगणक त्या माणसाच्या तोंडी काहीही घालू शकतो, हे मी वाचलेलं होतं. आणि आईचा आवाज तर वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेला. चांदवडच्या एका मुलानं स्थानकावर तो टिपून घेतला असेल, नंतर म्हातारीच्या घरी येऊन, गोड बोलून, उरलेलं गोळा केलं असेल. 'लागली का' त्याला ठाऊक होतं, म्हणजे तिनं ते त्याला सांगितलं होतं. कशासाठी? माझ्याशी शिकवणीचं खोटं बोलून, ही आमची एकच गोष्ट तिनं त्याला का द्यावी?

मी फोन केला.

"ऐकलं, ताई?"

"ऐकलं. हे तुम्ही संगणकावर बनवलंय."

"जोडलंय संगणकावरच. पण आवाज—"

"आईला एवढा दम नव्हता."

तो म्हणाला, "काकूंनी सांगितलं होतं, राखीला ऐकव. ती हो म्हणाली तरच बाहेर काढ. नाही म्हणाली तर राहू दे. शुक्रवारी काढायचं ठरवलेलं, पण तुम्ही म्हणाल तसं."

"मला मूळ रेकॉर्डिंग ऐकायचंय. काहीही न केलेलं."

"ते नाही ऐकवता येणार."

"का?"

"काकूंनी बजावलंय. कच्चं कुणालाही ऐकवायचं नाही. बाहेर पडलं की सगळं पुसून टाकायचं."

मी जवळजवळ हसले. किती सोयीचं होतं ते. मूळ ऐकवायचं नाही, आणि परवानगी दिली की नष्ट. पुरावा मागणाऱ्याला याहून चांगलं उत्तर चोरानंही दिलं नसतं.

"मग माझी परवानगी नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात मी कामात चुका केल्या. परत आलेली पुस्तकं भलत्या कपाटात लावली. गाणं मात्र रोज ऐकत होते. खोटं कुठं आहे ते शोधायला, असं स्वतःला सांगत. खोटं सापडेना. कुठला तरी स्वर यंत्रासारखा सपाट लागेल, कुठं तरी 'च'चा उच्चार चुकेल, म्हणून कान लावून बसायचे. आई बरोबर तिथंच रेंगाळायची जिथं ती रेंगाळायची. रविवारी सकाळी मी नाशिकची गाडी धरली आणि शकुमावशीकडून पत्ता काढून, न कळवता सिडकोत त्याच्या खोलीवर गेले.

त्यानं दार उघडलं तेव्हा हातात ताट होतं, खिचडीचं. मला पाहून ते कुठं ठेवावं हे त्याला सुचेना.

"बसा ना, ताई. म्हणजे, बसायला... ह्या गादीवरच बसावं लागेल."

एकच खोली. एका भिंतीला गिटार, टेबलावर संगणक, आणि दुसऱ्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली आमची गोधडी. निळ्या काठाची, आईच्या जुन्या पातळांची.

"ही आमची आहे," मी म्हणाले.

"हो. काकूंनीच दिली. भिंत मोकळी असली की आवाज परत येतो. गोधडी लावली की ती गिळून टाकते." तो ओशाळला. "तुमच्या आतल्या खोलीतपण लावायचो आम्ही. तुम्ही यायच्या आधी काढून पलंगाखाली टाकायचो."

खिळे. मी त्या खिळ्यांबद्दल काय काय विचार केले होते.

"आणि घड्याळ?"

"टिकटिक येते माइकमध्ये."

"फ्रिज."

"तो तर फार वाईट. मध्येच घुर्र करतो. दुधाबद्दल काकूंना बोलणी बसली ना तुमची? मला सांगायच्या त्या. म्हणायच्या, आज राखीनं माझी शाळा घेतली." तो हसला आणि लगेच थांबला. कारण मी हसले नव्हते.

पंखा, फ्रिज, घड्याळ. जे जे घरघर करतं ते ते सगळं. मी गादीवर बसले होते आणि माझ्या मनात ती यादी आपोआप पुढं सरकली.

"यंत्र," मी म्हणाले. "प्राणवायूचं. तेपण बंद करायचात?"

त्यानं ताट जमिनीवर ठेवलं.

"आयुष, मी काय विचारते?"

"काकूच करायच्या बंद," तो म्हणाला. "मी पहिल्या वेळी निघून चाललो होतो. त्या म्हणाल्या, बस खाली, दिवसभर नळी लावून काय जगतेय मी, थोडा वेळ काढते. बोटाला ते मापक लावून ठेवायचो. आकडा खाली आला की मी थांबवायचो. त्यांना आवडायचं नाही. एक शब्द गायच्या. मग नळी लावून बसायच्या. मग परत काढायच्या, पुढचा शब्द."

"एक शब्द?"

"एका वेळी एकच. 'चांदवड.' मग विश्रांती. 'देवळा.' मग विश्रांती. कधी कधी एका दुपारी तीनच गावं व्हायची." तो जरा सावरून बोलायला लागला होता. "ही पद्धत त्यांचीच, ताई. आगारात संगणक आला तेव्हा त्यांना खोलीत बसवून सगळ्या गावांची नावं सुटी सुटी बोलून घेतली होती, आकडे वेगळे, 'लागली आहे' वेगळं. नंतर संगणक जोडायचा. त्या म्हणाल्या, माझ्याशिवाय माझी वाक्यं वर्षभर चालली होती, मग आता का नाही? मी म्हटलं, काकू, अहो श्वास राहू दे मध्ये, छान वाटतो, माणूस वाटतो. तर त्या माझ्यावर इतक्या चिडल्या."

"का?"

"ते मला नाही सांगता येणार."

मी उठले. काय करणार होते ते मला नक्की ठाऊक नाही. त्याचा संगणक उचलून नेणार होते की त्याच्या मुस्काटात देणार होते. आईच्या खोलीत दार लावून या मुलानं तिची नळी काढलेली पाहिली होती, परत परत, महिनोन्‌महिने, आणि मला एका शब्दानं कळवलं नव्हतं. आणि एवढं करूनही हाती काय होतं? त्याचा शब्द. एक-एक गाव जोडून नदी केली म्हणे. हेही त्यानं आत्ता, ताट खाली ठेवता ठेवता रचलेलं असू शकत होतं.

"मला ऐकव," मी म्हणाले. मी त्याला कधी 'तू' म्हणायला लागले ते कळलं नाही. "नाही तर हे कधीच बाहेर पडणार नाही."

त्यानं गोधडीचा सुटलेला कोपरा पुन्हा खिळ्यात अडकवला.

"काकू म्हणाल्या होत्या, माझं कच्चं गाणं कुणाला ऐकवू नकोस," तो हळूच म्हणाला. "एक तुकडा आहे, ताई. त्यात त्या गात नाहीत. तो ऐकवला तर मोडत नाही, नाही का?"

मला त्या अवस्थेतही वाटलं, याला आईनं खरंच शिकवलंय. अशी पळवाट तीच काढायची.

त्यानं संगणकावर शोधलं. हेडफोन माझ्या हातात दिले आणि खिचडीचं ताट घेऊन बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला, पाठ करून.

आधी श्वास होता. कुठल्याही गाण्याआधी, शब्दाआधी, तो ओळखीचा, करवतीसारखा श्वास. आत, बाहेर. मग लांबून दाराचा आवाज आणि लगेच एक बाई, कर्कश, दमलेली:

"आई! हे काय, फ्रिज परत बंद?"

ती मी होते.

कानाशी, अगदी जवळून, आई कुजबुजली: "आली. चालू राहू दे. बोलू नकोस." मग मोठ्यानं, धाप दाबत, "अगं, लाइट... गेली होती!"

"शकुमावशीकडे टीव्ही चालू आहे!"

"त्यांची... आधी आली असेल!"

"आई, लाइट अशी दारादारानं येते का? आणि हे घड्याळ कुठं गेलं?"

"शिकवणी चालू आहे गं! आत... येऊ नकोस!"

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज. मी दूध ओतून देत असणार. इकडे कुणीतरी नाकातून हसू दाबत होतं, आणि आई त्याला दटावत होती, "हसू नकोस मेल्या, मलाही... येईल." मग काही वेळ नुसता तो श्वास. मग ती म्हणाली, एकेक शब्द टेकत टेकत:

"फार संशयी आहे पोरगी. बापावर... गेली. हिला ऐकवशील ना, तेव्हा माझा दम... सगळा काढून टाक. एकसुद्धा... ठेवू नकोस. हिनं तो फार ऐकलाय. रात्री उठून... बसते, दाराशी. मी झोपलेय... असं वाटतं तिला."

मापकाचा टीं-टीं आवाज. आयुषचा आवाज, घाबरलेला: "काकू, नळी." खट्ट. आणि यंत्राची घरघर सुरू झाली.

मी हेडफोन काढून गादीवर ठेवले.

त्या वर्षभरात पुण्याहून आले की मी खरंच उठायचे. आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून तिचा श्वास ऐकायचे. तो थांबतो का, पुढचा येतो का. तिला कळू नये म्हणून दिवा लावायचे नाही.

आयुष आत आला नाही. मी बाहेर गेले. खाली कुणाच्या तरी टेम्पोत कांद्याच्या गोणी चढत होत्या. तो ताट घेऊन तसाच उभा होता; खिचडी पार गार झाली असणार.

"येत्या शुक्रवारी काढ," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग, माझ्याकडे न बघता, "आणि बाकीचं? कच्चं? ताई, तुम्हाला हवं असेल तर मी... म्हणजे त्या पुसून टाक म्हणाल्या होत्या, पण तुम्ही तर त्यांच्या..."

त्यात अजून किती दुपारी होत्या मला ठाऊक नाही. तिचं हसणं असेल, तिनं त्याला माझ्याबद्दल सांगितलेलं काय काय असेल. 'लागली का' तिनं त्याला कसं सांगितलं तेही असेल. आणि सगळ्याला तो श्वास.

"आईनं सांगितलंय तसं कर," मी म्हणाले.

तो यंत्र बंद करू द्यायचा, ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही. त्यानंही माफी मागितलेली नाही, आणि त्याबद्दल मला त्याचा थोडा आदर वाटतो. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा निरोप आला: 'बाहेर पडलं. बाकीचं पुसलं, ताई.' पुसलं असेल का? हा मुलगा, जो कधीकाळी स्थानकावर ऐकलेला एक आवाज आवडला म्हणून चौकशी करत करत आमच्या जिन्यापर्यंत आला, तो ते पुसेल? मला शंका आहे. अजूनही आहे. मी त्याला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

पुढच्या आठवड्यात घर आवरायला नाशिकरोडला गेले तेव्हा शकुमावशी दारात मेथी निवडत बसली होती. नातवानं तिच्या फोनवर गाणं लावून दिलं होतं. फोन कानाला धरून ती ऐकत होती, कुणाचा कॉल आल्यासारखी.

"राखे, रोहिणी हाय ही!"

"हो, मावशी."

"असं झोपंत गायल्यावानी काय गाती? पर बरं वाटतंय. सायखेड्याचं नाव घेतलंय, ऐकलं का तू?" ती पुन्हा ऐकायला लागली. मग तिचे डोळे बारीक झाले. मेथीची काडी हातातच राहिली.

"एक सांग. जिन्यात दोन पायऱ्या चढली की माझ्या दारात बसायची ही. पाणी मागायला बी तोंड उघडंना. आणि हितं चांदवडापासून नामपूरपात्तुर एका दमात? त्या पोरानं काय लबाडी केली का गं?"

"नाही."

"मग हिला दम कसा लागला नाय?"

"गाताना लागायचा नाही तिला," मी म्हणाले.

शकुमावशीनं माझ्याकडे वर पाहिलं, बराच वेळ, नीट निरखून. वर्षभर मी आईकडे जशी पाहत होते तशी. मी कुलूप उघडलं, आत गेले आणि फ्रिज चालू केला.